अंगात बळ, हातात न वटलेला चेक

पीटर पार्करच्या घरी पैशांची चणचण आहे. काका गेलेत, काकू एकट्या आहेत, आणि घरातला हा पंधरा वर्षांचा पोरगा कोळ्यासारखा भिंतीवर चढतो हे कुणालाच ठाऊक नाही. चार पैसे मिळावेत म्हणून तो मुखवटा चढवून लोकांसमोर खेळ करतो. खेळ रंगतो. मॅनेजर मानधनाचा चेक फाडतो आणि त्यावर नाव घालतो 'स्पायडर-मॅन'. पीटर त्याच लाल-निळ्या वेषात बँकेच्या खिडकीशी जाऊन उभा राहतो. कारकून ओळखपत्र मागतो. हा वेष दिसत नाही का, असं पीटर विचारतो. त्यावर कारकुनाचं म्हणणं असं, की वेष काय, कुणीही घालेल. चेक काही वटत नाही.

१९६३ मध्ये स्पायडर-मॅनच्या नावाचं स्वतंत्र कॉमिक सुरू झालं, त्याच्या पहिल्याच अंकातला हा प्रसंग. मुलांसाठीच्या सुपरहिरो गोष्टी आतून कशा चालतात हे पाहायचं असेल, तर मारामारीची पानं बाजूला ठेवून आधी हे पान बघावं. भल्याभल्यांना लोळवणारा पोरगा बँकेच्या खिडकीपुढे हरतो, कारण तो अजून पोरगाच आहे. त्याच्या नावावर खातं नाही, आणि जे नाव गाजतंय ते त्याचं म्हणून सांगता येत नाही.

माझ्या बहिणीचा मुलगा सहावीत आहे. त्याच्यासाठी मी असलं एखादं पुस्तक नेलं की बहीण आधी मागचं पान बघते आणि विचारते, "ताई, ह्याच्या वयाचं आहे ना गं?" प्रश्न रास्त आहे. पण मागच्या पानावर फार तर '८ ते १२' किंवा '१२ च्या पुढे' एवढंच छापलेलं असतं, आणि तेवढ्यानं कुणाचं समाधान होत नाही. म्हणून हा खटाटोप.

इंग्रजी पुस्तकांच्या धंद्यात मुलांच्या कादंबऱ्यांचे दोन कप्पे आहेत. साधारण ८ ते १२ वर्षांच्या वाचकांसाठी 'मिडल ग्रेड', आणि १२ ते १८ साठी 'यंग ॲडल्ट'. (मिडल ग्रेडचा अमेरिकेतल्या मिडल स्कूलशी थेट संबंध नाही. तिथली मिडल स्कूलची मुलं साधारण ११ ते १३ वर्षांची, म्हणजे बरोबर दोन्ही कप्प्यांच्या उंबऱ्यावर. गोंधळ तिथल्या आईबापांचाही होतो.) आपल्याकडे 'कुमार साहित्य' या एकाच फळीसमोर पाचवीतली आणि दहावीतली पोरं खांद्याला खांदा लावून उभी असतात, त्यामुळे हा भेद आपल्याला चटकन जाणवत नाही.

मुलं स्वतःपेक्षा थोड्या मोठ्या मुलांबद्दल वाचतात, हा या धंद्यातला पहिला आडाखा. चौथीतल्या पोराला सहावीतला नायक हवा असतो, तिसरीतला दिला तर तो 'लहान मुलांचं' म्हणून पुस्तक ढकलून देतो. म्हणून मिडल ग्रेडचा नायक सहसा दहा ते तेरा वर्षांचा, आणि यंग ॲडल्टचा पंधरा ते अठराचा. पण खरा फरक वयाचा नाही आणि भाषेच्या कठीणपणाचाही नाही. मिडल ग्रेडमध्ये जग म्हणजे घर, वर्ग, आणि मधल्या सुट्टीत डबा खायला कुणाशेजारी बसायचं हा प्रश्न. नायकाला या जगात आपली जागा हवी असते. यंग ॲडल्टमध्ये तो ती जागाच तपासायला लागतो: ही कुणी ठरवली, आणि मी का ऐकायचं? पहिल्या कप्प्यात मोठी माणसं विसराळू, कडक, कधी मूर्खही असतात, पण शेवटी घर जागेवर असतं. दुसऱ्यात मोठी माणसं शेवटपर्यंत चूक असू शकतात.

आता यात सुपरहिरो आणा. मी पुस्तक चाळताना दोनच गोष्टी बघते. शक्ती मिळाल्यावर ते पोरगं मोठं होतं की पोरगंच राहतं? आणि घरी काय सांगतं?

या दोन्ही प्रश्नांची सगळ्यात जुनी आणि मला फार आवडणारी उत्तरं १९४० सालची आहेत. बिली बॅटसन नावाचा एक पोरका पोरगा रस्त्यावर पेपर विकतो आणि रात्री भुयारी रेल्वेच्या स्टेशनात झोपतो. एका रात्री एक अनोळखी माणूस त्याला चित्रविचित्र रंगवलेल्या गाडीत बसवून एका म्हाताऱ्या जादूगारासमोर नेतो. जादूगार त्याला एक शब्द म्हणायला लावतो, 'शॅझॅम'. तो सहा नावांच्या आद्याक्षरांनी बनलाय: सॉलोमन, हर्क्युलिस, ॲटलस, झ्यूस, अकिलीस, मर्क्युरी. म्हणजे शहाणपण, ताकद, चिवटपणा, सामर्थ्य, धैर्य आणि वेग. वीज कडाडते आणि पोराच्या जागी धिप्पाड पुरुष उभा राहतो. कॅप्टन मार्व्हल. पुन्हा तोच शब्द म्हटला की परत बिली.

सी. सी. बेक आणि बिल पार्कर यांनी फॉसेट या प्रकाशनासाठी निर्मिलेला हा नायक त्या दशकात सुपरमॅनलाही खपात मागे टाकत होता. नवल नाही. सुपरमॅन आधीच मोठा होता, परग्रहावरून आलेला होता. तसं व्हायला तुम्हाला दुसऱ्या ग्रहावर जन्म घ्यावा लागला असता. बिलीला एक शब्द पुरला, आणि शब्द काय, कुठलंही पोरगं म्हणू शकतं. शक्ती आणि मोठेपण ही इथे एकच गोष्ट आहे: मूल असताना काही करता येत नाही, मोठं झालं की सगळं येतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाचं जगाबद्दलचं नेमकं हेच मत असतं. त्यानं दिवसभर मोठ्यांना दारं उघडताना, पैसे देताना, उशिरापर्यंत जागताना पाहिलेलं असतं.

आणि घरी काय सांगतो? काहीच नाही. घरच नाही. त्या काळच्या लेखकांनी घरचा प्रश्न सोडवला तो आईबापांना गोष्ट सुरू होण्याआधीच संपवून. सुपरमॅनचा अख्खा ग्रह गेला, बॅटमॅनचे आईबाप गेले, बिलीचे गेले. रॉबिन हा बॅटमॅनचा छोटा साथीदार, तोही १९४० चाच आणि सर्कशीतल्या कसरतपटूंचं अनाथ पोर. रॉबिनचा जन्म खरं तर सोयीतून झाला. लेखक बिल फिंगरला बॅटमॅनशी बोलायला कुणीतरी हवं होतं, नाहीतर तो एकटाच छपरांवर उभा राहून विचार करत बसायचा. वर असाही हिशेब होता की वाचणारी पोरं रॉबिनमध्ये स्वतःला बघतील. मासिकाचा खप वाढला, पण हा हिशेब मला कधी पटला नाही. आपल्या चाळींमधून १९९७ नंतर पोरं हात वर करून गरगर फिरायची ती शक्तिमान व्हायला. शक्तिमानचा मदतनीस व्हायला कुणी चक्कर येईपर्यंत फिरलं नाही.

इथपर्यंत मुलांना दोन पर्याय होते: मोठा हो, नाहीतर मोठ्याच्या मागे राहा. मग १९५४ आलं आणि तेवढंही कठीण झालं. फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञानं कॉमिक्समुळे मुलं बिघडतात असं सांगणारं पुस्तक लिहिलं, अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे साक्ष दिली, आणि त्याच वर्षी घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवरच एक आचारसंहिता लादून घेतली. कॉमिक्स कोड. त्याचा शिक्का मुखपृष्ठावर नसेल तर विक्रेते अंक ठेवायला राजी नसत. त्यातली कलमं वाचली की आपल्या शाळेच्या डायरीची आठवण होते. प्रत्येक गोष्टीत चांगल्याचा विजय झालाच पाहिजे. पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी यांच्याबद्दल अनादर वाटेल असं काही नको. आईवडिलांचा मान राखायला शिकवलं पाहिजे.

वर्थमची एक शंका मात्र मला अगदीच टाकाऊ वाटत नाही. स्वतःला काही न होता दुसऱ्याला पुन्हा पुन्हा शिक्षा होताना बघण्यात मुलाला गोडी लागते, असं त्यानं सुपरमॅनबद्दल म्हटलं होतं. प्रश्न चांगला होता, पुरावा खोटा निघाला. त्याची कागदपत्रं २०१० मध्ये अभ्यासकांना खुली झाली. कॅरल टिली या ग्रंथालयशास्त्राच्या प्राध्यापिकेनं ती तपासून २०१२ मध्ये दाखवून दिलं, की त्यानं मुलांच्या तोंडची वाक्यं बदलली होती आणि वेगवेगळ्या मुलांचं बोलणं एकाच्या नावावर घातलं होतं. तोवर त्या शिक्क्याखाली कैक पिढ्यांचं वाचन होऊन गेलं होतं. आजची यंग ॲडल्ट सुपरहिरो कादंबरी नेमकी त्या कलमांच्या उलट्या दिशेनं का धावते, ते या इतिहासावरून कळतं.

पीटर पार्कर आला १९६२ मध्ये. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी त्याला बंद पडत असलेल्या एका मासिकाच्या शेवटच्या अंकात घुसवला. ली पुढे सांगायचा, की मालकाला कल्पना मुळीच आवडली नव्हती: कोळ्याची लोकांना किळस येते, आणि कॉलेजातही न गेलेला पोरगा साथीदार असतो, नायक नव्हे. बंदच पडणाऱ्या अंकात काय छापलं याला कोण विचारतो, म्हणून तो छापला गेला.

बिली आणि पीटर यांच्यात एवढाच फरक आहे, पण तो सगळ्याला पुरून उरतो. पीटर मोठा होत नाही. कोळी चावल्यावरही तो चष्मा लावणारा, वर्गात टिंगल होणारा पोरगाच राहतो. मुखवट्याखाली दुसरा कुणी धिप्पाड माणूस नाही, तोच आहे. म्हणून त्याला शक्तीची किंमत मोजावी लागते, आणि ती मोजतं घर. पळून जाणाऱ्या एका चोराला तो 'मला काय त्याचं' म्हणून जाऊ देतो आणि तोच चोर पुढे बेन काकांना मारतो. बिलीच्या जगात असं होऊ शकत नाही, कारण तिथे काका असून नसल्यासारखेच.

इथून पुढे बारा वर्षांच्या वाचकाच्या गोष्टीची आणि सोळा वर्षांच्या वाचकाच्या गोष्टीची वाट वेगळी झाली असं मी मानते. कप्पे नंतर पडले, वाट आधी पडली.

मिडल ग्रेडमधली पुढची दोन उदाहरणं अशी घेते, की ज्यांना पुष्कळ लोक सुपरहिरो साहित्य म्हणायलाच तयार होणार नाहीत. पहिलं डेव्ह पिल्कीचं 'कॅप्टन अंडरपँट्स', १९९७ पासूनचं. चौथीतली दोन वात्रट पोरं एका खेळण्यातल्या अंगठीनं आपल्या खडूस मुख्याध्यापकांना संमोहित करतात. चुटकी वाजवली की गुरुजी कपडे फेकून, चड्डी आणि पडद्याचा झगा एवढ्यावर जगाला वाचवायला निघतात. डोक्यावर पाणी पडलं की पुन्हा खडूस. बिलीची गोष्ट इथे पायजमा उलटा करावा तशी उलटी केलीय: मूल मोठं होत नाही, मोठं माणूसच पोर होतं, आणि त्याला सांभाळायची जबाबदारी पोरांवर येते. अमेरिकेतल्या ग्रंथालयांतून काढून टाकण्याची मागणी ज्या पुस्तकांबद्दल सर्वात जास्त झाली, त्यांच्या यादीत ही मालिका २०१२ आणि २०१३ अशी दोन वर्षं पहिली होती. मोठ्यांचा अनादर, ही या मालिकेबद्दलची एक तक्रार. कोड गेला, कलम राहिलं. पिल्कीला लहानपणी वाचनाची अडचण होती, एका जागी बसणं जमत नसे. वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात बसवलेलं असतानाच त्यानं ही पात्रं रंगवायला सुरुवात केली होती, हे कळलं की चड्डीवाल्या गुरुजींकडे बघण्याची नजर बदलते.

दुसरं सीसी बेलचं 'एल डेफो', २०१४ चं. ही लेखिकेच्या स्वतःच्या बालपणाची चित्रकथा आहे. चार वर्षांची असताना आजारपणात तिची ऐकण्याची शक्ती गेली. शाळेत तिच्या छातीवर एक अवजड यंत्र बांधलेलं आणि बाईंच्या गळ्यात त्याचा माइक. बाई तो काढायला विसरल्या की त्या शाळेत कुठेही असोत, शिक्षकांच्या खोलीत, अगदी बाथरूममध्ये, त्यांचा आवाज हिच्या कानात. वर्गात बाकी कुणाकडे ही शक्ती नाही! मग ती मनातल्या मनात स्वतःला सुपरहिरो करते. जी गोष्ट लपवावीशी वाटत होती तीच ताकद. पण पुस्तक इथे थांबत नाही म्हणून ते मला मोठं वाटतं. सुपरहिरो एकटा असतो, आणि तिला हवी असते मैत्रीण. जिच्याशी मोठ्यानं, सावकाश, तोंड वेडंवाकडं करून न बोलता साधं बोलता येईल अशी. मिडल ग्रेडचा गाभा मला एका पुस्तकात दाखवायला सांगितला तर मी हे दाखवीन. त्याला २०१५ मध्ये न्यूबेरी हा अमेरिकेतला बालसाहित्याचा सन्मान मिळाला.

यंग ॲडल्टकडे वळलं की प्रश्न अंगावर येतो. मरिसा मायरची 'रेनेगेड्स' ही २०१७ ची कादंबरी घ्या. शहर रेनेगेड्स नावाच्या सुपरहिरोंच्या ताब्यात आहे. अराजक मोडून काढून त्यांनी कारभार हाती घेतलाय, लोक त्यांना पूजतात. नोव्हा लहान असताना तिच्या आईबापांना आणि तान्ह्या बहिणीला गुंडांनी मारलं. वडील सांगत असत, रेनेगेड्स येतील. ती वाट बघत राहिली. कुणी आलं नाही. आता ती मोठी होऊन त्याच सुपरहिरोंत शिरलीय, त्यांना आतून संपवायला. सुपरहिरो म्हणजे इथे सरकार. वेळेवर न पोचणारं, नियम करणारं, कोण चांगलं कोण वाईट याचे शिक्के मारणारं. अठ्ठावन्नाव्या मिनिटाला नायक येतोच, ही खात्री काढून घेतली की मुलांची गोष्ट तरुणांची होते. जपानमध्ये कोहेई होरिकोशीनं २०१४ ते २०२४ अशी दहा वर्षं चालवलेली 'माय हीरो अकॅडेमिया' ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, हाच धागा वेगळ्या टोकानं धरते. जगातल्या ८० टक्के लोकांना काही ना काही शक्ती आहे, त्यामुळे सुपरहिरो होणं हा परवाना लागणारा पेशा झालाय, त्याची शाळा आहे, प्रवेश परीक्षा आहे. आणि नायक जन्मला तो शक्तीशिवाय. प्रवेश परीक्षा म्हटल्यावर आपल्या दहावी-बारावीच्या पोरांना हे जग परकं वाटत नाही, यात नवल नाही.

आता एक तांत्रिक गोष्ट, कारण हे प्रकरण फक्त कल्पनेवर चालत नाही. चित्रकथेत उडणं एका पानभर चित्रात होतं. कादंबरीत ते शब्दांनी करायचं, आणि 'तो उडाला' हे वाक्य 'तो पडला' याच्याइतकंच छोटं आणि सपाट असतं. त्यामुळे गद्यात शक्ती आतून लिहावी लागते: बोटं दप्तराला चिकटून सुटेनात, आवाज अचानक मोठा झाला, हात आपला आहे की नाही कळेना. आणि असं लिहायला लागलं की ते आपसूक वयात येण्याचं वर्णन होतं. लेखकाला मुद्दाम रूपक करावं लागत नाही. २०१७ च्या सुमारास डीसी आणि मार्व्हल या दोन्ही मोठ्या कॉमिक कंपन्यांनी आपले नायक तरुणांसाठी लिहिणाऱ्या नावाजलेल्या कादंबरीकारांकडे सोपवले. ली बार्डुगोनं वंडर वुमन लिहिली, जेसन रेनॉल्ड्सनं माइल्स मोरालिस हा ब्रुकलिनचा कृष्णवर्णीय-पोर्टो रिकन स्पायडर-मॅन. त्याला कारण माझ्या मते हेच. या लेखकांना उडणं लिहायचा अनुभव नसेल, घामेजले तळहात लिहायचा भरपूर होता.

शक्तीला मर्यादाही हवी, नाहीतर गोष्ट दुसऱ्या पानावर संपते. सुपरमॅनला लुळा करणारं क्रिप्टोनाइट कॉमिकमध्ये नव्हे, १९४३ मध्ये रेडिओवरच्या मालिकेत पहिल्यांदा आलं. कॉमिकनं ते १९४९ मध्ये उचललं. पण मुलांच्या गोष्टीत सगळ्यात चांगली मर्यादा बाहेरच्या दगडाची नसते. आपल्या मारुतीचंच बघा. सूर्याला फळ समजून झेपावलेलं ते पोर पुढे ऋषींना इतकं सतावतं, की ते शाप देतात: कुणी आठवण करून दिल्याशिवाय तुला तुझं बळ आठवणार नाही. पुढे समुद्राकाठी जांबवंत आठवण करून देतो तेव्हा उड्डाण. रोज संध्याकाळी भीमरूपी म्हणणाऱ्या पोरांना ही मर्यादा क्रिप्टोनाइटपेक्षा चटकन कळेल. जीन लुएन यांग यांनी लिहिलेल्या आणि २०२० मध्ये पुस्तकरूपानं आलेल्या एका सुपरमॅन कथेत तर सुपरमॅन उडतच नाही, विजेच्या तारांवरून धावतो. उडता येत नाही म्हणून नव्हे. उडालो तर मी परका आहे हे दिसेल, या भीतीनं. ती गोष्ट १९४६ च्या मेट्रोपोलिसमध्ये घडते, आणि चायनाटाउन सोडून तिथे राहायला आलेल्या एका चिनी-अमेरिकन कुटुंबामागे वर्णद्वेष्टे लागलेले असतात.

तर, घरी काय सांगायचं.

इथे मला परत कॅप्टन मार्व्हलकडे जायचंय, कारण त्या नावाचा प्रवास गमतीचा आहे. सुपरमॅनच्या मालकांनी फॉसेटवर नक्कल केल्याचा दावा लावला. तो बरीच वर्षं चालून १९५३ मध्ये तडजोड झाली आणि बिली बॅटसन बंद पडला. नाव मोकळं झालं. १९६७ मध्ये मार्व्हल कंपनीनं ते आपल्या एका परग्रहवासी योद्ध्याला लावून टाकलं. त्यामुळे पुढे बिली परत आला तेव्हा त्याच्या कॉमिकच्या मुखपृष्ठावर 'शॅझॅम' लिहावं लागलं. २०१२ मध्ये ते नाव कॅरल डॅनव्हर्स या सोनेरी केसांच्या वैमानिक बाईकडे आलं. आणि २०१४ मध्ये जर्सी सिटीतली सोळा वर्षांची कमला खान आपल्या खोलीत बसून हीच कॅप्टन मार्व्हल व्हायची स्वप्नं बघू लागली.

कमला पाकिस्तानी-अमेरिकन. संपादक सना अमानत यांच्या न्यू जर्सीतल्या बालपणीच्या आठवणींतून ही कल्पना निघाली, 'मिस मार्व्हल' या नावानं ती लिहिली जी. विलो विल्सन यांनी, चित्रं एड्रियन अल्फोना यांची. पहिल्या प्रसंगात कमला दुकानात उभी राहून डुकराच्या मांसाच्या सँडविचचा नुसता वास घेतेय. खाणार नाही, पण वास तर घेऊ दे! बाबा बँकेत, भाऊ फार देवभोळा, आई काळजीखोर. सुपरहिरोंवर गोष्टी लिहून ती इंटरनेटवर टाकते. एका रात्री परवानगी नसताना पार्टीला सटकते आणि धुक्यात सापडते. त्या धुक्यात तिला तिचे आवडते सुपरहिरो दिसतात आणि कॅप्टन मार्व्हलच्या तोंडी येतात अमीर खुस्रोच्या ओळी. न्यू जर्सीत मराठी घरं कमी नाहीत. तिथल्या कुठल्याही पोरीला विचारा, डोक्यातले देव इंग्रजी आणि डोक्यातली भाषा घरची, हे काय असतं.

तुला काय व्हायचंय, असं विचारल्यावर कमला म्हणते, तुझ्यासारखं. आणि ती होते. सोनेरी केस, उंच बूट, तोकडा वेष. बिलीसारखीच, एका क्षणात मोठी आणि दुसरीच कुणीतरी. फक्त इथे ते बोचतं. केस तोंडात येतात, कपडे नको तिथे रुततात, आणि शाळेत तिला टोमणे मारणाऱ्या मुलीला ती पाण्यातून वाचवते तेव्हा लोकांना दिसते ती गोरी बाई. पुढे ती जखमी होते. जखम भरते कधी, तर ती परत आपल्या मूळ रूपात येते तेव्हा. मग स्वतःच्या चेहऱ्यानिशी, बुर्किनी (अंगभर झाकणारा पोहण्याचा पोशाख) कापून शिवलेला वेष घालून ती बाहेर पडते. चौऱ्याहत्तर वर्षांत बिलीच्या कल्पनेला मिळालेलं इतकं चोख उत्तर मी दुसरं वाचलेलं नाही. २०१५ मध्ये या पहिल्या भागाला ह्यूगो हा विज्ञानकथांसाठीचा पुरस्कार मिळाला.

आपल्याकडच्या कुमार कथांत हा सांधा जुळलेला मला फारसा दिसत नाही. इंद्रजाल कॉमिक्समधून मराठीत आलेला वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, मोठा माणूस. (जन्म १९३६ चा, म्हणजे सुपरमॅनपेक्षाही दोन वर्षांनी थोरला.) शक्तिमानही मोठाच. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मात्र अस्सल पोरगा, सायकलवरून संकटात घुसणारा, 'ट्टॉक' करणारा, पण त्याला शक्तीची गरजच नव्हती. बळ एकीकडे, पोरगेपण दुसरीकडे. मराठी घरातली, आईच्या हाकेला ओ देत देत उडणारी पोरगी कुणी लिहिली तर माझ्या भाच्याआधी मी वाचीन.

बहिणीला मी शेवटी कमलाचं पुस्तक दिलं आणि सांगितलं, हे त्याला दोन वर्षांनी दे, आधी तू वाच. तिनं वाचलं. मारामारीबद्दल ती काही बोलली नाही. तिला विचारायचं होतं ते वेगळंच: ही पोरगी रात्री-अपरात्री खिडकीतून जाते, आणि आईला पत्ता नाही?

पीटरनं मे काकूंपासून ते लपवलं. मध्यंतरी त्यांना कळल्यासारखं दाखवून पुन्हा पुसण्यात आलं, आणि त्यांना ते खरोखर कळायला २००१ साल उजाडलं. कमलाच्या बाबतीत २०१५ मध्येच, जग बुडायला आलेलं असताना, ती धीर करून आईला सगळं सांगायला जाते. आई शांतपणे ऐकून घेते. तिला कधीचंच माहीत असतं.